नाव आधी घ्यायचं की शेवटी?

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत प्रार्थनेत देवाचं नाव घ्यायच्या दोन रीती दिसतात, आणि कुठली बरोबर यावर वादही होतात. कॅथलिक घरात जेवणाआधीही हात कपाळाला, छातीला, मग डाव्या-उजव्या खांद्याला जातो: ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’. बायबलातल्या मत्तय 28:19 मधलं हे बाप्तिस्म्याचं (ख्रिस्ती दीक्षाविधीचं) वचन. काही मागण्याआधीच आपण कुणाचे, ते सांगून मोकळं व्हायचं.

मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) घरात डोळे मिटून मनातलं सगळं बोलायचं आणि शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’. आधार योहान 14:13, तिथे येशू म्हणतो की माझ्या नावाने जे मागाल ते मी करीन. इथेच गोची होते. पोराची नोकरी, शेताचा खटला, सगळं मागून नाव लावलं की काम फत्ते, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण येशूच्या नावाने मागायचं तर त्याला पटेल असंच मागावं लागतं. साहेबाच्या सहीचा कोरा कागद आपल्या मनाने भरता येत नाही. स्किवा नावाच्या यहूदी याजकाच्या सात मुलांनी नुसतं येशूचं नाव वापरून भूत काढायला पाहिलं, तर भूतग्रस्तानेच त्यांना झोडपून उघडंनागडं पळवलं (प्रेषितांची कृत्ये 19).

मला पहिली रीत सोपी वाटते, दुसरी जास्त जबाबदारीची. मिस्सेतल्या (कॅथलिक उपासनेतल्या) प्रार्थनाही शेवटी ख्रिस्ताद्वारेच मागतात, हे मात्र वाद घालणारे सोयीस्कर विसरतात.