शेतात सिमवाला सोलर कॅमेरा आणि ट्रॅक्टरला जीपीएस ट्रॅकर: बरेच महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

विहिरीवरची केबल परत चोरीला गेली तेव्हा ठरवलं की आता कॅमेरा लावायचाच. सिमकार्डवर चालणारा, वर छोटं सोलर पॅनल, आत लिथियम बॅटरी, वायफाय नको लाईट नको, असा घेतला. सोबत ट्रॅक्टरला जीपीएस ट्रॅकर पण बसवला. पावसाळा, थंडी आणि ऊन तिन्ही बघून झालं म्हणून आत्ता लिहितोय, कारण लावल्या लावल्या लिहिलेले रिव्ह्यू वाचून काहीच कळत नाही, पहिल्या आठवड्यात सगळंच भारी चालतं.

कॅमेरा बघून चोर येणारच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी पैसे घालू नका. चोर येतो. फरक एवढाच की तो आल्याचं मिनिटभरात मोबाईलवर कळतं, आणि मग त्या वेळी कोण जागं होतं, कोण उठतं, यावर सगळं आहे. मी कॅमेऱ्याला पाचपैकी चार देईन पण शेजारच्या शेतकऱ्यांशिवाय तो दोनचाच आहे.

केबलच का नेतात हे आधी समजून घ्या. मोटार जड असते, तिच्यावर नंबर असतो, विकताना प्रश्न येतात. केबल कापली, वरचं प्लास्टिक जाळलं की राहतं निव्वळ तांबं, आणि ते कुणाच्या विहिरीवरचं हे जगात कुणालाच सांगता येत नाही. चोराला भंगारात किलोवर जे मिळतं त्याच्या कितीतरी पट आपलं जातं, कारण नवीन केबल, वायरमन, मोटार परत वर काढायची मजुरी आणि तोपर्यंत पाण्यावाचून उभं असलेलं पीक. फुलोऱ्यात आलेल्या पिकाला आठवडाभर पाणी मिळालं नाही तर काय होतं ते शेती करणाऱ्याला सांगायला नको. याची भरपाई कुणी देत नाही, आणि "एवढीशी चोरी" म्हणून लोक हसण्यावारी नेतात त्याचा मला खरंच राग येतो.

आता कॅमेऱ्याचं. यात पीआयआर सेन्सर असतो, तो अंगाची उष्णता हलताना बघतो आणि मग कॅमेरा जागा होतो. जागं व्हायला एक दोन सेकंद जातातच. बसवणाऱ्याने तो विहिरीकडे तोंड करून लावला होता, त्यात यायची फक्त पाठ. मग वाटेच्या वळणावर आडवा लावून घेतला, म्हणजे माणूस कॅमेऱ्यासमोरून डावीकडून उजवीकडे जाईल असा, कारण हा सेन्सर आडवी हालचाल चांगली पकडतो, सरळ अंगावर येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. वळणावर गाडी पण हळू होते. हा एक बदल केल्यावर क्लिपमध्ये तोंडं यायला लागली. फार उंच लावू नका, नुसत्या टोप्या दिसतात. फार खाली लावला तर कॅमेराच जातो.

रात्रीचा प्रश्न वेगळा. अंधारात बघायला कॅमेऱ्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या उजेडाच्या एलईडी असतात. त्यातल्या साध्या (८५० नॅनोमीटर) अंधारात बारीक लाल दिसतात, चोराला लांबून कळतं. ९४० वाल्या दिसत नाहीत पण त्यांचा उजेड कमी लांब जातो. मी ९४० घेतला आणि तोच घ्या म्हणेन. गाडीचा नंबर मात्र रात्री वाचता येईल ही आशा सोडा, नंबरप्लेटवर उजेड पडून नुसती पांढरी पट्टी दिसते.

फॉल्स अलार्म भरपूर. कुत्री, गुरं, वाऱ्याने हलणारी तापलेली पानं. सगळ्यात जास्त त्रास कोळ्याने दिला, एलईडीच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो, मग रात्रभर पांढरी झुळझुळ. आठवड्याला फडकं मारावंच लागतं, पॅनलवरची धूळ पण तेव्हाच पुसायची. आणि भर उन्हात हवाच अंगाएवढी तापली की सेन्सरला माणूस नीट कळत नाही, दुपारची चोरी त्यातून निसटू शकते. झड लागली तेव्हा बॅटरी पार खाली आली होती, क्लिपची लांबी कमी केल्यावर तग धरला.

थंडीतली एक रात्र सांगतो. दीडच्या सुमारास मोबाईल वाजला. क्लिपमध्ये मोटरसायकल, लाईट बंद, एकजण ढकलत आणतोय, मागच्याच्या खांद्यावर रिकामं पोतं. आमच्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं आधीच ठरलेलं होतं की रात्री मेसेज नाही, थेट फोन करायचा, आणि विहिरीवर एकट्याने जायचं नाही. चौघं उठले, आपापल्या बांधावरून बॅटऱ्या मारल्या, मी मोबाईलवरून कॅमेऱ्याचा सायरन चालू केला. पळाले. सकाळी बघितलं तर केबल स्टार्टरच्या पेटीपासून कापलेली, अर्धी ओढून गुंडाळलेली, आणि टोकाला बोटभर इन्शुलेशन सोलून ठेवलेलं. आत तांबं आहे का ॲल्युमिनियम हे त्यांनी कापल्या कापल्या तपासलं होतं. ते सोललेलं टोक बघून मी पुढची केबल ॲल्युमिनियमची टाकली. भंगारात तिला तांब्यापेक्षा बराच कमी भाव मिळतो म्हणून तिच्यामागे लागण्यात चोराला तेवढा फायदा नाही. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहून नेतं म्हणून केबल जाड घ्यावी लागते आणि तांब्याला जोडताना बायमेटल लग (दोन वेगळे धातू जोडायची खास टोकं) वापरायचे, नुसता पीळ मारला तर जोड तापून जळतो. वायरमन चांगला बघा.

ट्रॅकरबद्दल थोडक्यात. एकाच मॉडेलच्या बऱ्याच ट्रॅक्टरना एकच चावी लागते, त्यामुळे चावी खिशात आहे म्हणून निवांत झोपू नका. ट्रॅकर घेताना आत स्वतःची बॅटरी असलेलाच घ्या, कारण चोर आधी ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर काढतो. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल जातो, ट्रॅक्टर बाहेर निघाला की परत येतो. याच्या जोडीला एक छुपा कट-ऑफ स्विच (तो बंद असला की ट्रॅक्टर चालूच होत नाही) टाकून घेतलाय, मला तर तोच जास्त भरवशाचा वाटतो. बाहेरच्या देशात पण हेच चाललंय, ब्रिटनमध्ये ट्रॅक्टरच्या टपावरचे, शेतात सरळ चालवायला मदत करणारे महागडे जीपीएस काढून नेतात, आणि तिथे २०२३ मध्ये कायदा केला की शेतात वापरायच्या नवीन क्वाड बाईक (चार चाकी मोटरसायकल) विकताना इंजिन बंद पाडणारं यंत्र आणि ओळखीची खूण सक्तीची करता यावी. आपण निदान मोटार, पंप, पाईपवर नाव कोरून नंबरचे फोटो काढून ठेवू शकतो.

तक्रार देताना लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवरून पुढे ढकललेला व्हिडिओ दाबला गेलेला असतो, तोंड अजून पुसट होतं. मेमरी कार्डातली मूळ फाईल द्या, आणि कॅमेऱ्यातली तारीख वेळ बरोबर आहे का अधूनमधून बघत जा. जुन्या क्लिपवर नवीन चढतात, म्हणून त्याच दिवशी कॉपी काढा. चोरी छोटी असली तरी तक्रार द्याच. कागदावर चोऱ्याच नसतील तर गस्त कशाच्या आधारावर मागणार?

आणि एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. कॅमेऱ्यातला फोटो "हा चोर" लिहून ग्रुपवर टाकू नका. आमच्याकडे कुणाच्यातरी कॅमेऱ्यातला असा एक फोटो रात्रीतून सगळीकडे फिरला, तो माणूस आजारी बहिणीला बघायला पायवाटेने चालला होता. दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्याला अडवून लोकांनी कॉलर धरली. बहीण तिथलीच म्हणून ओळख पटली, नाहीतर काय झालं असतं याचा विचार पण नको वाटतो. चोऱ्यांनी लोक वैतागलेत, झोपा उडाल्यात, मान्य, पण त्या रागाला असा फोटो मिळाला की तो कुणावरही निघतो. तेव्हापासून क्लिप आम्ही फक्त आजूबाजूच्या पाच-सहा शेतकऱ्यांत ठेवतो आणि तिथून सरळ पोलिसांना.

घ्यायचा विचार असेल तर आधी मोबाईल घेऊन नेमक्या त्या जागी उभं राहा आणि कुठल्या कंपनीची रेंज रात्री टिकते ते बघा, सिम त्याच कंपनीचं टाका. रिचार्जची तारीख फोनमध्ये लावून ठेवा, सिम बंद पडलं की हे फक्त कार्डात रेकॉर्डिंग करत बसतं आणि मोबाईल काही वाजत नाही.