शरणपूर रोडची रुग्णसाहित्य सेवा: एअर बेड घ्या, रिंग घेऊ नका

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी एअर बेड (पंपानं हवा भरायची गादी), कमोड चेअर, वॉकर विनामूल्य वापरायला देणारी ही नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या एका ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची सेवा. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना ज्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात आसरा मिळाला, तिथं ती शोभतेही. फॉर्म एका पानाचा आहे. त्यात धर्माचा रकाना नाही, रुग्णाच्या वजनाचा आहे, कारण पंपाचा दाब वजनावरून ठरतो.

बेड बसवायला दोघे घरी येतात. पंप पायाच्या बाजूला अडकवतात आणि एअर बेडवर एकच पातळ चादर घालतात. इथंच बहुतेक घरं चुकतात. मऊ वाटावं म्हणून वर गोधडी, तिच्यावर प्लास्टिक घातलं जातं. मग बेडचा उपयोग उरत नाही आणि घामानं कातडी भिजते. रुग्ण झोपला की कार्यकर्ती त्याच्या माकडहाडाच्या जागी बेडखाली तळहात सरकवून पाहते. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. वीज गेली की हवा उतरते, म्हणून नळी कशी बंद करायची हेही ती दाखवते. एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. पोटरीखाली उशी घ्यायची, टाच अधांतरी ठेवायची. लाल झालेली जागा बोटानं दाबून पांढरी पडत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात समजावी. तिथं मालीश करू नये, स्पिरिटही लावू नये.

खटकलं ते एकच: मागितली तर बसायला रबरी रिंग अजून देतात. रिंगच्या कडेनं रक्तपुरवठा दाबला जातो आणि जखम वाढते. ती यादीतून काढायलाच हवी.

येशूच्या दृष्टान्तातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे सगळ्यांना आठवतं. उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार देऊन, जास्त लागेल ते परत येताना फेडीन, असं तो सांगून गेला होता. ते फारसं कोणी सांगत नाही. या सेवेचं खरं मोल त्या परत येण्यात आहे. तिसऱ्या दिवशी माणूस येतो, मग दर आठवड्याला. सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला दोन तास बाहेर पडता यावं म्हणून कोणीतरी रुग्णापाशी बसतं. आम्हाला हे बेडइतकंच मोलाचं वाटतं, कारण थकलेल्या हातांकडूनच रात्रीची कूस बदलायची राहते. प्रार्थना करू का, असं आधी विचारतात. नको म्हटलं तरी पुढच्या आठवड्याची फेरी चुकत नाही.

रविवारी मात्र फोन उचलला जात नाही. पंप बिघडला तर सोमवारपर्यंत जाड फोमच्या गादीवर भागवावं लागतं, तेव्हा ती हाताशी ठेवा.

रुग्ण गेला तर सामानासाठी तगादा लावत नाहीत. आधी घरी येऊन बसतात. बेडचं नाव घरच्यांनी काढलं, तरच तो गुंडाळून नेतात.