फवारणीनंतर साबण की ब्लीचिंग पावडर?
निपाणीकडच्या मावसभावाला प्रश्न पडलाय, औषध मारून आल्यावर अंग आणि पंप कशानं धुवायचे?

अंगाला साबणच. आधी कपडे उतरवायचे, मग भरपूर पाण्याखाली १५-२० मिनिटं. नखं, केस, कानामागं विसरायचं नाही. ब्लीचिंगनं कातडी भाजते, आणि सोललेल्या कातडीतून विष आणखी आत जातं.

पंपाला ब्लीचिंग स्वस्त खरं, पण पितळी नोझल खातं. साबणपाण्यानं तीनदा खळबळून ते पाणी शेतातच शिंपडा, ओढ्यात नको. उसात २,४-डी हे तणनाशक मारलं असेल तर मात्र साबण पुरत नाही. धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा, नाहीतर त्याच पंपानं पुढं तंबाखूची पानं वाकडी व्हायची.

ब्लीचिंग विहिरीसाठी राहू दे.