छोटा लाकडाचा लेथ आणि कुंकवाच्या डब्या: तीन ऋतू वापरल्यानंतर

लहान डब्या किंवा करंडे करण्यासाठी छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरतं ठेवून कातायचं यंत्र, घ्यायचा विचार असेल, तर मोटार किती हॉर्सपॉवरची हा प्रश्न जरा मागे ठेवा. मिनिटाला सगळ्यात कमी किती फेऱ्यांवर मशीन दम न सोडता फिरतं, ते आधी विचारा. उन्हाळा, पावसाळा आणि आता थंडी, असे तीन ऋतू कोल्हापुरात हा लेथ वापरल्यावर माझं मत याच गोष्टीवर पक्कं झालंय. डबी पटाशीखाली जितकी घडते तितकीच पॉलिश पेपरखाली घडते, आणि पेपरला वेग सोसत नाही.

माझं मशीन टेबलावर बसणारं आहे. 250 मिमी व्यासाचं लाकूड फिरतं, दोन टोकांमध्ये 450 मिमी लांबी मावते, मोटार अर्ध्या हॉर्सपॉवरची, स्पिंडलला, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याला, एम 33 मापाचे आटे. डब्यांसाठी एवढं भरपूर होतं. चक, म्हणजे लाकूड एका टोकाला घट्ट धरणारी पकड, मात्र सोबत येत नाही. चार जबड्यांचा चक वेगळा घ्यावा लागतो आणि त्याच्याशिवाय डबी आतून पोखरायचं नाव घेऊ नये, त्यामुळे त्याची किंमत मशीनच्या किमतीतच धरा. चक आणि स्पिंडलचे आटे जुळले नाहीत तर शिवाजी उद्यमनगरात अ‍ॅडॉप्टर कातून मिळतो. लोखंड कातणाऱ्यांच्या गावात राहण्याचा हा मोठा फायदा. सोबत आलेली पटाशी मऊ पोलादाची होती. सागवानात सिलिका असते, तिच्यापुढे ती धार टिकत नाही. हायस्पीड स्टीलची एक गोल पटाशी आणि एक स्क्रेपर (लाकूड खरवडायचं हत्यार) घेतला, तेवढ्यावर सगळं भागतं.

आता पेपरकडे येते. 60 मिमी व्यासाची डबी मिनिटाला 2500 फेऱ्यांवर फिरत असली की तिचा पृष्ठभाग सेकंदाला साधारण 8 मीटर वेगानं बोटाखालून सरकतो. कातायला हा वेग छान. त्याच वेगात पेपर धरला तर बोट भाजतं, पेपर लगेच भरतो आणि लाकूड तापून तंतूंच्या टोकांवर बारीक चिरा पडतात. शिसवीत हे फार लवकर दिसतं. 600 फेऱ्यांवर तोच वेग सेकंदाला 2 मीटरच्याही खाली येतो आणि पेपर खऱ्या अर्थानं कापू लागतो. इथे या मशीनची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: मोटारीचा पट्टा वरच्या वेगाच्या पुलीवर ठेवून नुसतं वेगाचं बटण खाली आणलं तर मोटार गुदमरते, हलका दाब दिला तरी थांबते. पट्टा सगळ्यात हळू पुलीवर टाकला की तेच मशीन खालच्या वेगातही जोर धरतं. पट्टा बदलायला फार वेळ लागत नाही, म्हणून पेपर मारण्याआधी तो बदलतेच.

पटाशीनं स्वच्छ काम झालं असेल तर 150 नंबरच्या पेपरपासून सुरुवात पुरते (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). पुढे 180, 240, 320, 400. मधला एकही नंबर गाळू नका, कारण आधीच्या नंबरचे ओरखडे नंतरच्या पेपरनं जात नाहीत, आणि पॉलिश चढल्यावरच ते डोळ्यांत येतात. प्रत्येक नंबरनंतर मशीन बंद करून त्याच पेपरनं रेषेच्या दिशेनं हात फिरवावा, म्हणजे गोल ओरखडे मोडतात. डबीच्या आत तळाशी तंतूंची टोकं असतात, तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो. शिवाय तळाच्या अगदी मध्यावर लाकूड जवळपास सरकतच नाही, त्यामुळे पेपर नुसता टेकवून काही होत नाही. तो आपण फिरवावा लागतो. हळदूसारख्या फिक्या लाकडावर काळा वॉटर पेपर टाळा. त्याची भुकटी छिद्रांत बसून पिवळा रंग मळकट दिसतो.

झाकण ज्या गळ्यावर बसतं, तिथे पेपर अजिबात लावू नये. लाकडाचा मऊ भाग कडक भागापेक्षा लवकर झिजतो, गोलाई बिघडते आणि झाकण एका बाजूनं डुगडुगतं. गळा धारदार पटाशीनंच पुरा करावा. बाहेरून पेपर मारताना झाकण डबीवर बसवून दोन्ही एकत्र फिरवावं, म्हणजे जोड बोटाला लागत नाही.

पावसाळ्यानं मात्र या सगळ्याची परीक्षा घेतली. मे महिन्यात अलगद निघणारी झाकणं जुलैत अडकू लागली. लाकूड वर्तुळाकार वलयांच्या दिशेनं जितकं फुगतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे फुगतं, म्हणून गोल तोंड किंचित लंबगोल होतं. झाकण आणि डबी एकाच तुकड्यातली असतील आणि रेषा जुळवून लावलं तर झाकण बसतं. तेच पाव फेरी फिरवलं की अडकतं. आता डबी आधी जाड भिंतीची, व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ठेवून कोरते, काही आठवडे घरात तशीच सोडते आणि मग पुरी करते. कुंकवासाठी झाकण जरा सैलच असलेलं बरं, रोज सकाळी एका हातानं उघडता आलं पाहिजे. महाद्वार रोडवर अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या बायका कुंकू कौतुकानं घेतात आणि घरी प्लास्टिकच्या डबीत ओततात, हे मला खरंच खुपतं. लाकडी करंडा त्या कुंकवाला शोभतो.

आतून लाखेचं पॉलिश हवंच, नाहीतर कुंकू तंतूंत शिरून बसतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्यावेत. बाहेरून रंगीत लाखेची कांडीही वापरते: फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून बसते आणि वर केवड्याचं पान फिरवलं की चमक येते. हे जुने कातारी करत आले, सावंतवाडीकडचे कारागीरही करतात. या कामाला मात्र वेग वाढवावा लागतो, पेपरच्या अगदी उलट.

मशीनच्या खोडी दोन. टेलस्टॉकचं (लाकडाला दुसऱ्या बाजूनं आधार देणाऱ्या भागाचं) टोक हेडस्टॉकच्या (स्पिंडल असलेल्या भागाच्या) टोकाशी बरोबर जुळत नव्हतं, खाली पातळ पत्रा घालून जुळवलं. आणि वेगाच्या बटणाच्या डब्यात भुकटी शिरते. पावसाळ्यात बटण अडखळू लागलं तेव्हा विक्रेत्यानं दाद दिली नाही, गल्लीतल्या मिस्त्रींनी साफ करून दिलं. आता त्यावर कापडाची टोपी असते.

भुकटीचं हलक्यात घेऊ नका. लाकडाची भुकटी कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे आणि शिसवीची तर अंगावर खाजही आणते. पेपर मारताना एन-95 मास्क लावते आणि मागे व्हॅक्युमचा पाइप ठेवते. हातमोजे, सैल बाही किंवा बांगड्या घालून फिरत्या लाकडाजवळ जायचं नाही. पॉलिश लावायला चिंधीऐवजी टिश्यू पेपर घ्यावा. तो अडकला तर फाटतो, चिंधी बोटासकट ओढून नेते.