इपॉक्सीचे पैसे घेतले, मारलं पॉलिएस्टर: होडीवाल्यांनो, डबा उघडताना समोर उभे राहा

चिकोडी, रायबाग, अथणी भागात कृष्णेवर ज्यांच्या लाकडी होड्या आहेत, त्यांनी यंदाचं काम कुणाला देण्याआधी हे वाचून घ्यावं. लाकडाला पाण्यापासून जपणाऱ्या महागड्या इपॉक्सीचा दर लावून स्वस्त पॉलिएस्टर रेझिन (मिसळल्यावर कडक होणारं चिकट द्रव्य) मारायचं, अशी फसवणूक आमच्या घाटावर झाली आहे. दोन्ही रेझिनं डब्यात मधासारखीच दिसतात, वाळल्यावर दोन्ही चकचकीत होतात. भावात मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो.

होडी २० फुटी, सागाची, तळाला मत्तीच्या (ऐनाच्या) फळ्या. बोली अशी होती: जुना रंग आणि डांबर खरवडून कोरं लाकूड काढायचं, इपॉक्सीचे तीन हात द्यायचे, तळाला फायबरचं कापड बसवायचं आणि वरच्या उघड्या लाकडाला मरीन व्हार्निशचे सहा हात. बिलही तेवढ्याचंच झालं. उन्हाळ्यात काम झालं आणि दिवाळीच्या आत पाण्याच्या रेषेवरचा थर सुटायला लागला. नखाने ओढला तर वीतभर तुकडा कापडासकट हातात आला. तुकड्याच्या मागच्या बाजूला लाकडाचा एक धागाही चिकटलेला नव्हता. नीट बसलेलं इपॉक्सी उपटलं तर लाकडाचे तंतू घेऊन येतं. खालची फळी काळी पडलेली, दाभण सहज आत जात होतं.

असं का होतं? पॉलिएस्टर वाळताना बरंच आक्रसतं आणि लाकडाला त्याची पकड मुळातच कमी. सागाच्या तेलकटपणामुळे तर ती आणखी घटते. लाकूड पाण्यात फुगतं, उन्हात आटतं. कडक पॉलिएस्टर त्याबरोबर हलत नाही, बारीक तडा जातो. तड्यातून पाणी आत शिरतं आणि थराखाली अडकतं. नुसती उघडी फळी निदान उन्हात वाळते, झाकलेली आतल्या आत कुजत राहते. म्हणजे काहीच न लावलेल्या होडीपेक्षा असल्या कामाची होडी लवकर जाते. पैसे बुडाल्याचं दुःख आहेच, पण चांगल्या सागाच्या फळ्या वाया गेल्या याचा संताप जास्त आहे.

ही लबाडी पकडायची वेळ एकच, मिश्रण करताना. पॉलिएस्टरला कॅटॅलिस्ट (ते कडक करणारं औषध) लागतं एक ते दोन टक्के, किलोला १० ते २० मिली. छोट्या बाटलीतून थेंब-थेंब घालतात. इपॉक्सीत तेच काम करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण कितीतरी मोठं असतं. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या एका जोडीत १०० ग्रॅमला १० ग्रॅम, काहींत दोनास एक, काहींत निम्मंनिम्म. त्यामुळे कारागीर वजनकाटा न काढता बाटलीच्या टोपणाने मोजायला लागला, की काम तिथेच थांबवा. दुसरी खूण वासाची. पॉलिएस्टरला नव्या फायबरच्या टाकीसारखा उग्र वास येतो, तो कित्येक दिवस जात नाही. इपॉक्सीच्या रेझिनला वास जवळजवळ नसतो, हार्डनरला अमोनियासारखा येतो.

डब्यांचा हिशोबही करा. बाहेरून-आतून मिळून २० चौरस मीटर लाकूड असेल, तर तीन हातांचे ६० चौरस मीटर झाले. लिटरमध्ये ८ ते १० चौरस मीटर धरले तर साडेसात लिटरपर्यंत माल लागतो, म्हणजे हार्डनर धरून साधारण आठ किलो. कोरं लाकूड पहिल्या हाताला जास्त पितं आणि कापडाला वेगळं लागतं, ते यात धरलेलं नाही. आमच्याकडे रिकामा डबा सापडला पाच किलोचा, एकच.

माल खरा असला तरी कामात चोरी होते. ओल्या लाकडावर इपॉक्सी मारलं तर तेही सुटतं. नदीतून काढलेली होडी ताडपत्रीच्या सावलीत, खालून वारा लागेल अशी, काही आठवडे ठेवावी लागते. ओल १२ टक्क्यांच्या आसपास यावी. मीटर नसेल तर फळीचा तुकडा काढून तोला, मंद भट्टीत वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. ११५ ग्रॅमचा तुकडा १०० वर आला तर ओल १५ टक्के. सागाला ॲसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्यायचा. इपॉक्सी दुपार कलल्यावर लावावं. लाकूड तापत असताना आतली हवा फुगून थरात बुडबुडे काढते, थंड होताना थर आत ओढला जातो. एप्रिलच्या उन्हात एका वेळी १००-१५० ग्रॅमच कालवा. मोठ्या भांड्यात कालवलेलं तापून धूर सोडतं. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो, तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मगच पॉलिश पेपर. हे धुणं बहुतेक जण टाळतात आणि पुढचा हात सोलून निघतो.

व्हार्निशमध्येही हाच प्रकार झाला. इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुकटी होतं, म्हणून वर उन्हाला टिकणारं व्हार्निश लागतंच. आमच्या होडीच्या काठांवर घरातल्या फर्निचरचं चपडी पॉलिश निघालं. फडकं स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर ठेवलं की चपडी चिकट होते. नीट वाळलेलं मरीन व्हार्निश तसं होत नाही. पाण्याने पांढरे डाग पडले तर चपडीच समजा.

ज्यांच्या होडीचं असं झालंय त्यांनी वरून आणखी काही मारू नये. थर पूर्ण काढा, कुजकं लाकूड कापून नवा तुकडा जोडा, लाकूडभुसा-फेविकॉलची लांबी (पुट्टी) भरू देऊ नका.

तक्रारीसाठी सुटलेला तुकडा, रिकामे डबे, बिल आणि फोटो जपून ठेवा. बिलात नुसतं ‘रेझिन काम’ लिहू न देता मालाचं नाव, बॅच नंबर आणि हातांची संख्या लिहून घ्या. कारागीर राज्याच्या सीमेपलीकडचा असला तरी २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे बेळगावातच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. होडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कुणी म्हणालं, तर स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा कायद्यात बसते, हे अर्जातच लिहा. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.