स्वालबार्ड की नॉर्थवेस्ट पॅसेज?

सत्तरीनंतर आर्क्टिकची सफर करायची असेल, तर माझं मत नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांना. ऑस्लोहून विमानाने साधारण तीन तासांत तिथलं मुख्य गाव, लाँगइयरब्येन. जहाजाचा प्रवास आठवडा-दहा दिवसांचा, आणि गावात छोटं का होईना, रुग्णालय आहे. २०२५ पासून संरक्षित भागात २०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना मनाई आहे, म्हणजे गर्दीही बेताची. अस्वल मात्र लांबूनच बघायचं: किमान ३०० मीटर, मार्च ते जून ५००. दुर्बीण चांगली घ्या.

नॉर्थवेस्ट पॅसेज म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून अटलांटिकहून पॅसिफिककडे जाणारा सागरी मार्ग. त्याची ओढ इतिहासाची. वाटेतल्या बीची बेटावर, हा मार्ग शोधायला निघालेल्या ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनच्या खलाशांच्या कबरी आहेत. पुढे नॉर्वेच्या अमुंडसेनने १९०३ ते १९०६ मध्ये हा मार्ग पार केला. पण प्रवास बहुधा दोन आठवड्यांहून लांब, आणि बर्फ आडवा आला की कप्तान वाट बदलणारच. भरलेल्या पैशांकडे बघून बर्फ हटत नाही! हवाई रुग्णवाहिकेचा विमा दोन्हीकडे हवा. इथे तर त्याशिवाय निघूच नका.

गुडघ्यांची परीक्षा दोन्हीकडे सारखीच. किनाऱ्यावर जायला जहाजातून रबरी होडीत उतरताना नुसता पंजा धरायचा नाही, खलाशाचा हात मनगटाच्या वर घट्ट पकडायचा. काठी आधीच त्याच्याकडे द्यायची. मग फुगीर कडेवर बसून हळूहळू सरकायचं.