एसीचा बिघाड, इंजिनचा दिवा आणि ब्लूटूथ स्कॅनर: काही महिने वापरल्यानंतर

ओबीडी पोर्टात (बिघाडाचे कोड वाचण्यासाठी गाडीत दिलेल्या सॉकेटात) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मी एकाच कारणासाठी घेतला. एसी चालता चालता मध्येच साधी हवा फेकायला लागायचा आणि पाठोपाठ इंजिन चेकचा दिवा लागायचा. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की एसी गार, दिवा मात्र तसाच. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं: गॅस कमी झालाय, भरून टाकू.

स्कॅनर जोडला तर कोड निघाला पी०५३२, म्हणजे एसीच्या प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा सिग्नल कमी. इथे बरेच जण थेट नवा सेन्सर मागवतात. पण सेन्सर गेलाय असं कोड म्हणतच नाही. त्या वायरवर व्होल्टेज हवं त्यापेक्षा कमी दिसलं, एवढीच ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) तक्रार असते. दोष सेन्सरचा, वायरचा, कनेक्टरचा असेल किंवा गॅस खरोखरच संपलेला असेल. शिवाय या कोडसाठी प्रत्येक गाडीत दिवा लागतोच असं नाही. काही गाड्यांत तो नुसता साठून राहतो.

माझे पैसे वसूल झाले ते कोडमुळे नाही, लाइव्ह डेटामुळे, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणी दिसणारे आकडे. तोही सहज मिळाला नाही. मोफत अ‍ॅपमध्ये एसीचं प्रेशर कुठेच दिसेना, कारण ओबीडीची सगळ्या गाड्यांना लागू असलेली यादी मुळात धुराच्या नियमांसाठी बनली आहे. एसीचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठेवते. आपल्या मॉडेलचा डेटा वाचणारं अ‍ॅप आहे का, हे स्कॅनर घेण्याआधीच बघा.

ते मिळाल्यावर थंड, बंद इंजिनवर नुसती चावी फिरवून आकडा पाहिला. बाहेर साधारण ३० अंश असतील आणि सिस्टिममध्ये आर१३४ए हा गॅस असेल, तर स्थिर प्रेशर ६.५ ते ७ बार यायला हवं. तेवढं आलं. यावरून गॅस पुरेसा आहे असं म्हणता येत नाही, पण सिस्टिम रिकामी नाही हे नक्की. मग एसी चालू ठेवून, फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, सेन्सरकडे जाणारं वायरिंग हलवलं. आकडा एका झटक्यात शून्यावर आला आणि लगेच परत वर गेला. गॅस असा क्षणात जाऊन परत येत नाही! प्रेशर नाही असं दिसलं की ईसीयू कॉम्प्रेसर वाचवायला त्याचा क्लच (कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा भाग) सोडतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं.

इथून पुढचं काम मल्टिमीटरचं. या सेन्सरला तीन वायरी: ५ व्होल्ट, ग्राउंड (अर्थिंग) आणि सिग्नल. ग्राउंड तुटला असता तर सिग्नल वर गेला असता आणि कोड पी०५३३ आला असता. सिग्नल खाली जात होता, म्हणून आधी ५ व्होल्टची वायर धरली. कनेक्टर काढून मीटर लावला तर ५ व्होल्ट बरोबर. क्लिपजवळ वायर वाकवली की गायब. वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांबं तुटलेलं. तेवढा तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं. तेव्हापासून दिवा नाही. (कनेक्टर काढा, पण सेन्सर खोलू नका. काही गाड्यांत त्याच्या मागे व्हॉल्व्ह नसतो आणि सगळा गॅस बाहेर येतो.)

आता तक्रारी. एकावेळी चार-पाच आकडे लावले की स्क्रीन रेंगाळते, अशा बिघाडाला एकच आकडा लावावा. हे स्वस्त मॉडेल फक्त इंजिनचा ईसीयू वाचतं, क्लायमेट कंट्रोलचे बी कोड (‘बी’ने सुरू होणारे, बॉडीच्या यंत्रणांचे कोड) त्याला दिसत नाहीत. पोर्टाच्या १६ नंबरच्या पिनला कायम बॅटरीचं करंट असतं, त्यामुळे गाडी दोन-चार आठवडे उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवावा. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी साठवलेल्या आकड्यांचा) फोटो काढा. कोडबरोबर तीही पुसली जाते.

मेव्हण्याच्या गाडीत मात्र याचा काही उपयोग झाला नाही. रिले (क्लचला करंट देणारा स्विच) वाजायचा, क्लच ओढायचा नाही आणि कोड एकही नाही. त्या गाडीत ईसीयूची नजर रिलेच्या कॉइलपर्यंतच, पुढे क्लचकडे जाणाऱ्या वायरीवर नाही. एसी चालू ठेवून क्लचच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला, तर २ व्होल्टच्या वर वाया जात होते. बोल्ट घासून आवळला आणि क्लच लागला. त्यामुळे मल्टिमीटर घरात नसेल तर आधी तो घ्या, स्कॅनर नंतर.